‘काका, मला वाचवा’ ऐकल्यापासून लेक झोपत नाही

पत्र

ताई, आम्ही सगळे एकत्र राहतो. मी, माझे मिस्टर, आठ वर्षांची लेक, सासूबाई, आणि वरच्या मजल्यावर दीर, जाऊ आणि त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा. फिरण्याची आवड घरात सगळ्यांनाच आहे. गेली दोन-तीन वर्षं मात्र दिरांना ‘भुताच्या जागां’चा नाद लागलाय. गेल्या महिन्यात शनिवारवाड्यात गेलो होतो. बंद व्हायची वेळ झाली होती, उजेड कमी झाला होता. बाहेर पडताना दिल्ली दरवाज्याच्या आतल्या देवडीत दडून दिरांनी ‘काका, मला वाचवा’ अशी आरोळी ठोकली. पुतण्यानं ते मोबाइलवर टिपलं, सगळे हसले. माझी लेक जागच्या जागी थिजली. तेव्हापासून ती दिवा चालू ठेवल्याशिवाय झोपत नाही, बाथरूमलासुद्धा सोबत लागते. सासूबाई म्हणतात, तिला काहीतरी लागलंय. शेजारच्या बाईंनी ‘बाहेरचं बघणारा’ माणूस सुचवलाय. मिस्टर म्हणतात, होईल सवय. आणि दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानला भानगड आणि कुलधरा बघायचं ठरून तिकिटंही निघालीत. मी लेकीला घेऊन घरी राहू का? की मीच बाऊ करतेय?

उत्तर

तुम्ही बाऊ करत नाही. सगळे हसत होते त्या क्षणी तुमची लेक एकटी पडली होती. भूत वगैरे नंतरचं. ज्यांच्या भरवशावर ती त्या मोठ्या दारातून आत शिरली, त्यांनीच तिला घाबरवलं आणि वर ते हसले, हा तिला बसलेला पहिला धक्का. म्हणून ‘होईल सवय’ हे मिस्टरांचं म्हणणं मला पटत नाही. अंधाराची सवय होते. आपल्या माणसांनी फसवल्याची सवय मुलांना होत नाही, ती फक्त सांगायची बंद होतात.

त्यामुळे सुरुवात दिरांपासून व्हायला हवी, आणि हे त्यांना तुम्ही नाही, त्यांच्या भावानं सांगायचं. वहिनीनं सांगितलं की ते ‘वहिनींना आवडत नाही’ एवढ्यावर येऊन थांबतं. जे जे त्या दिवशी हसले त्या सगळ्यांसमोर दिरांनी लेकीला म्हणावं, ‘मी चुकलो, पुन्हा असं करणार नाही.’ ‘गंमत केली गं’ हे शब्द त्यात नकोत. मोबाइलमधला तो व्हिडिओ तिच्या डोळ्यांदेखत पुसून टाकायचा, कुणाला पाठवला असेल तर तिथूनही काढायला सांगायचं.

मग आठ-पंधरा दिवसांनी, ती तयार असेल तरच, एखाद्या सकाळी सगळ्यांनी पुन्हा शनिवारवाड्यात जायचं. आपण कुठल्या देवडीत दडलो होतो ते दिरांनी तिला दाखवावं. तिनं स्वतः आत उभं राहून बाहेर थांबलेल्या बाबांना हाक मारावी, मग बाबांनी तिला मारावी. दगडी कमानीखाली आवाज कसा फिरतो, आहे त्यापेक्षा मोठा कसा वाटतो आणि कुठून आला ते कसं कळत नाही, हे तिच्याच कानांना समजू दे. तुमच्या दहा वेळा ‘भूत नसतं’ म्हणण्यानं जे होणार नाही ते त्या एका हाकेनं होईल.

आणि तिथेच, उन्हात बसून, तिला खरी गोष्ट सांगा. ती तिला कुणी सांगितलेलीच नाही, तिच्या वाट्याला नुसती किंकाळी आली. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी या वाड्याचा पाया घातला आणि दोन वर्षांनी, १७३२ च्या जानेवारीत, वास्तुशांत झाली. पुढे इथे कितीतरी मुलं खेळली, वाढली. त्यांतलेच एक नारायणराव. थोरले भाऊ माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात गेले आणि नारायणराव पेशवे झाले. नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, गारदी, म्हणजे पेशव्यांच्याच पदरचे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले. नारायणरावांना अठरावं वर्ष पुरं होऊन जेमतेम वीस दिवस झाले होते. ते जीव वाचवायला काकांकडे, राघोबादादांकडे, धावले आणि तिथेच मारले गेले. हे घडलं दुपारी. जेवणं होऊन वाडा विसावला होता, बाहेर लख्ख उजेड होता. पौर्णिमेची रात्र, बारा वाजता येणारी हाक, हे सगळं लोकांनी मागाहून जोडलेलं आहे.

‘ध’चा ‘मा’ तुम्हाला माहीत आहेच, मराठी घरात तो सगळ्यांनाच माहीत असतो. पण चापाजी टिळेकर किती जणांना माहीत आहेत? हा नारायणरावांचा सेवक. गारद्यांच्या तलवारी वर आल्या तेव्हा हा माणूस धन्याच्या अंगावर पालथा पडला आणि त्यांच्याबरोबर मारला गेला. वाड्यातली आणखीही माणसं त्या दुपारी गेली. मला हे फार लागतं, की अडीचशे वर्षं आपण त्या मुलाच्या किंकाळीच्या नकला करतो आणि त्याच्यावर स्वतःचं अंग टाकणाऱ्याचं नावही आपल्या ओठांवर येत नाही. पुढे पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि खुद्द राघोबादादांना दोषी धरलं. सत्तेवर बसलेल्या माणसाला तोंडावर तसं सांगायला छाती लागते. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या, पुढच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर त्यांना मुलगा झाला. तेच सवाई माधवराव.

आठ वर्षांच्या मुलीला हे सगळं कसं सांगायचं, असं वाटेल. शस्त्रं, जखमा, रक्त यांचं वर्णन गाळा, बाकी सगळं सांगा. एक मुलगा होता, नुकताच अठरा वर्षांचा झालेला, त्याला त्याच्याच माणसांनी दगा दिला, आणि एका माणसानं त्याला सोडलं नाही. मुलांना हे बरोबर कळतं. नाव नसलेल्या, वय नसलेल्या आवाजाची भीती वाटते. तोच आवाज आपल्या पुतण्याहून तीन वर्षांनी मोठ्या मुलाचा आहे म्हटल्यावर भीतीच्या जागी हळूहळू वाईट वाटायला लागतं. ती रडेलही. रडू द्या, त्या रडण्याचा त्रास होत नाही. नंतर तिला वाड्याचा नकाशा काढायला सांगा: दिल्ली दरवाजा, गणेश दरवाजा, खिडकी दरवाजा, मस्तानी दरवाजा, आणि नारायणरावांच्या नावानं ओळखला जाणारा नारायण दरवाजा. हजारी कारंज्याची जागाही काढू दे. आतली लाकडी इमारत १८२८ च्या आगीत कित्येक दिवस जळत होती, म्हणून आज तिथे नुसती जोती दिसतात, हेही कळू दे. जी जागा आपण कागदावर काढली तिथे वाट चुकत नाही.

आता सासूबाई. त्यांना खोडून काढू नका. ‘जिथे माणसं अशी गेली तिथे जाऊन खिदळू नये’ ही त्यांच्या म्हणण्यातली खरी गोष्ट आहे आणि ती मला दिरांच्या हौसेपेक्षा जास्त जवळची वाटते. त्यांना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या. आजीचा हात अंगावरून फिरला तर पोरीला बरंच वाटेल. पण एक गोष्ट त्यांच्या हाताला धरून, एकांतात, सांगा: ‘आई, तिला काहीतरी लागलंय असं तिच्यासमोर म्हणू नका.’ मूल ते वाक्य ऐकतं आणि रात्री पांघरुणात स्वतःच्या आत काय शिरलंय ते शोधत बसतं. ‘घाबरली आहे’ म्हणा. घाबरलेलं माणूस बरं होतं हे तिला माहीत आहे.

शेजारच्या बाईंनी सुचवलेल्या माणसाकडे मात्र अजिबात जायचं नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं, धुरी देणं हे सगळं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तो माणूस हात न लावता नुसतं ‘हो, आहे’ एवढंच म्हणाला तरी आपण आता जे सोडवतोय ते पक्कं होऊन बसेल. चांगला महिना उलटला, दिवा, सोबत, माफी सगळं झालं, तरी झोप लागत नसेल, अंथरूण ओलं होत असेल, शाळेत जायला नको म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून मुलांच्या मानसतज्ज्ञांकडे न्या. तोवर दिवा चालू राहू द्या. बाथरूमपर्यंत सोबतही करा, आज दारापर्यंत, पुढच्या आठवड्यात खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. ती रोज एक पाऊल पुढे जातेय की मागे, हे तुम्हाला आपोआप कळेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात एक वाक्य होतं जे मी वर छापलं नाही: ‘खरं सांगू का, तिथे मलाही अंगावर काटा आला होता.’ त्याची लाज बाळगू नका. जुन्या वास्तूत अंगावर काटा येतो आणि त्याला कारणं असतात. इंग्लंडमध्ये विक टँडी नावाचे एक अभियंता होते. त्यांच्या प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ वाटायचं, त्यांना स्वतःला एकदा डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी पकडीत धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना पाहून ते मागावर लागले, तेव्हा एका नव्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची, कानाला ऐकू न येणारी लहर उठत होती असं निघालं. पंखा सुधारला, आकृती गेली. १९९८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर एडिंबराच्या जुन्या तळघरांत आणि हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात शेकडो लोकांना फिरवून पाहिलं. विचित्र अनुभव सगळीकडे सारखे येत नव्हते, ठराविक जागीच येत होते, आणि त्या जागांचा उजेड, आकार अशा गोष्टींशी त्यांचा संबंध लागत होता. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. त्यांचं शरीर त्या जागेला उत्तर देत होतं.

आपल्याकडच्या गडांवर त्यात गव्हाणी घुबडाची भर घाला. पडक्या भिंतीतल्या पोकळीत राहणारं, खालून पांढरं दिसणारं, उडताना पंखांचा आवाज न करणारं आणि ओरडलं तर बाईनं किंकाळी फोडल्यासारखं ओरडणारं पाखरू आहे ते. अंधारात ते डोक्यावरून गेलं तर माझीही बोबडी वळेल. पण सकाळी त्याच भिंतीखाली त्यानं टाकलेल्या केसाळ गोळ्या सापडतात, त्यांत उंदरांची हाडं असतात. तशी एखादी गोळी काडीनं उकलून तुमच्या लेकीला दाखवा.

मी दहा वर्षांची असताना वडील आम्हाला देवगिरीच्या किल्ल्यावर घेऊन गेले होते. तिथल्या ‘अंधारी’त, त्या खडकात कोरलेल्या वळणावळणाच्या बोगद्यात, वाटाड्यानं मशाल विझवली. वटवाघळांचा उग्र वास, हाताला ओलसर दगड, आणि स्वतःचा तळहातही दिसत नाही असा काळोख. मी ओरडणार तेवढ्यात वडिलांचा आवाज आला, ‘हात सोडायचा नाही. पायऱ्या मोज.’ मी मोजायला लागले. ते त्याच सुरात सांगत राहिले, की शत्रूनं घाबरावं, गोंधळावं, आपलाच माणूस शत्रू समजून त्याच्यावर वार करावा म्हणूनच हा बोगदा असा खोदलाय, आणि वरच्या तोंडाला लोखंडी झाकणावर आग पेटवून आत धूर सोडायचे. म्हणजे मला वाटत होती ती भीती कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी डोकं लढवून तिथे बांधून ठेवली होती. वर उजेडात आल्यावर मला तो बोगदा पुन्हा बघायचा होता. वडील हसले नव्हते आणि हात सुटला नव्हता, म्हणून.

आता राजस्थानबद्दल. आधी एक व्यवहाराची गोष्ट: भानगड अलवर जिल्ह्यात, सरिस्काच्या जंगलाला लागून आहे, आणि कुलधरा पार पश्चिमेला, जैसलमेरपासून साधारण १८ किलोमीटरवर. दोन्हींमध्ये पाचशे किलोमीटरहून जास्त रस्ता आहे. सासूबाई आणि आठ वर्षांचं मूल घेऊन एका सुट्टीत दोन्ही करायचं म्हणजे निम्मी सहल गाडीतच जाईल. एकच निवडा. माझं मत भानगडकडे झुकतं, कारण तिथे बघायला पुष्कळ आहे.

भानगडच्या त्या पाटीचा फोटो दिरांनी दाखवलाच असेल: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी प्रवेश वर्जित. ‘सरकारसुद्धा मानतं’ याचा पुरावा म्हणून ती सगळीकडे फिरते. पण पुरातत्त्व खात्याच्या १९५९ च्या नियमांप्रमाणे, वेगळी वेळ ठरवलेली नसेल अशी संरक्षित स्मारकं उघडी असतात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच. शिवाय शेजारी वाघ-बिबट्यांचं जंगल आणि आत पडके जिने. अंधारात तिथे शिरू नये याला एवढं पुरेसं आहे. दिरांच्या डोक्यात पहारेकऱ्याला पटवून रात्री थांबायचं असेल तर तिथे मात्र मिस्टरांनी ठामपणे नाही म्हणायचं.

राजकन्या रत्नावतीवर भाळलेल्या तांत्रिकानं मरताना नगराला शाप दिला ती गोष्ट, बालूनाथ साधूच्या शापाची गोष्ट, या दोन्ही ऐकायला छान आहेत. जरूर ऐका, पण दिवसा आणि त्या जागेवर बसून. त्यांच्या शेजारी दुसरीही ठेवा: आमेरच्या राजा भगवंतदासांनी १५७३ मध्ये हे नगर वसवलं आणि त्यांचा मुलगा, मानसिंहांचा भाऊ, माधोसिंह इथे राहिला. रत्नावतीच्या गोष्टीत नगर एका फटक्यात संपतं. खरं नगर राजकारण बदलल्यावर हळूहळू ओसरत गेलं आणि १७८३ च्या दुष्काळानं उरलंसुरलंही रिकामं झालं, असं सांगतात. कुलधऱ्याचंही तेच. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याच्या जुलमापायी तिथले पालीवाल ब्राह्मण एका रात्रीत ८४ गावं सोडून गेले ही कथा, आणि तिच्यामागे आटत चाललेलं पाणी, वाढते कर, कुणा भूशास्त्रज्ञांच्या मते भूकंपसुद्धा. पाणी आटल्यावर गाव सोडावं लागणं हे मला कुठल्याही शापापेक्षा जास्त भयंकर वाटतं, आणि ते अजून घडतं.

भानगडला सकाळी दार उघडताच पोचा. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना बाजारपेठेच्या दुकानांच्या रांगा लागतात, छपरं गेलेली. लेकीला विचारा, इथे कोण काय विकत असेल? पुढे गोपीनाथाचं देऊळ उंच जोत्यावर आहे, सोमेश्वराच्या देवळाजवळ पाण्याचं कुंड आहे. सासूबाईंना तिथे टेकवा. वरच्या पडक्या महालात त्यांनी चढायची गरज नाही, आणि देवाच्या दारात बसल्यावर त्यांच्याही जिवाची घालमेल कमी होईल.

पुतण्याला रागावू नका. पंधराव्या वर्षी लोकांनी आपलं बघावं असं वाटतंच. फ्लॅश मारल्यावर फोटोत जे तरंगते पांढरे गोळे येतात ते भिंगाजवळच्या धुळीचे असतात, हे त्याला एकदा मुद्दाम धूळ उडवून करून बघू द्या. मग त्यालाच सांगा, की चापाजी टिळेकरांवर दोन मिनिटांचा व्हिडिओ कर, आवाज बहिणीचा घे. भिंतीवर नाव कोरायचा मोह मात्र त्याच्या मित्रांनाही नको. संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

राहिला तुमचा प्रश्न, घरी राहू का. तो लेकीला विचारा, पण दिरांसमोर नको, आणि ‘घाबरत नाहीस ना?’ असाही नको. ‘तुला यायचंय का?’ एवढंच विचारा. नाही म्हणाली तर ते उत्तर धरा, तिकिटं रद्द करायला लागली तरी. बाकीचे जाऊ देत, तुम्ही दोघी तिनं निवडलेल्या जागी जा. हो म्हणाली तर एक खूण ठरवा, हात दोनदा दाबला की काही न विचारता बाहेर पडायचं. आणि भानगडच्या दारातून आत जाताना तिचा हात तुमच्या हातात असू द्या. काकाचा हात पुन्हा कधी धरायचा ते तिचं तिला ठरवू दे.